मोनिकाला पाऊस विचारू नका

छत्रपती संभाजीनगर
गुरुवार, २ मे २०२४

दादा,

पत्राच्या वर थोरल्या भावाला नमस्कार लिहायचा असतो. मी त्याची जागा मोकळी सोडली आहे. पत्र पुरं झालं की बघीन.

आम्ही इथं ठीक. रामेश्वरची या आठवड्यात पहिली पाळी आहे. पहाटे शेंद्र्याच्या बसनं कंपनीत जातो, चारला घरी येतो. माझी शाळा संपली, उत्तरपत्रिका तपासून झाल्या. नळाला आठवड्यातून एकदा पाणी येतं, तेही पाऊण तास. समोरचा माळ तुला आठवत असेल. करोनाच्या आदल्या वर्षी तुझी मेंढरं तिथं बसली होती आणि मोनिका दिवसभर कोकरांत होती. तिथं आता सात मजली इमारत उभी राहते आहे. तिचा स्लॅब भिजवायला रोज टँकर येतो. त्याच टँकरच्या गळक्या तोटीखाली बाया हंडे घेऊन उभ्या असतात.

मेंढरांना पाला मिळतो का? वहिनीचे गुडघे? गोकुळची पिकअप चालते का? विचारायचं म्हणून विचारते आहे. उत्तर पाठवू नकोस.

फोन का केला नाही ते सांगते. मी फोन केला की तू तो स्पीकरवर टाकतोस. पारावर बसलेल्या सगळ्यांना तुला तुझी मास्तरीण बहीण ऐकवायची असते. मी बोलत असते, मधेच कुणीतरी म्हणतं, "ताई लई शिकल्यात." मग सगळे हसतात. तूही हसतोस. पत्र स्पीकरवर टाकता येत नाही. तू सातवी शिकलेला आहेस. स्वतः वाच. तुझ्या पोराला वाचायला देऊ नकोस, गोकुळचं नाव पुढं येणार आहे. आपल्या गावचा पुंडलिक रामेश्वरच्याच कंपनीत आहे, तो शनिवारी गावी येतो. पाकीट त्याच्या हाती देते.

मंगळवारी तू रामेश्वरला फोन केलास. म्हणालास, "दाजी, अखितीला सकाळीच गाडी घेऊन येतो. मोनीला ठाण्यावर बसवायची. तात्यासाहेबाला शबुद दिलाय, ह्या टायमाला देव खरा बोलंल."

रामेश्वर म्हणाला, "अंबिकाला विचारून सांगतो."

तू म्हणालास, "तिला काय इचारायचं? देव काय तिच्या बापाचा हाय?"

तिचा आणि तुझा बाप एकच होता, दादा.

उत्तर आधीच लिहून टाकते, म्हणजे पुढचं वाचलं नाहीस तरी चालेल. मोनिका येणार नाही. या अखितीला नाही, पुढच्या नाही, यात्रेला नाही. अक्षय्य तृतीयेला बिरोबाच्या ठाण्यावर ज्याच्या अंगात वारं येतं, त्याला गाव येत्या पावसाचं विचारतं. आपल्या आईला विचारायचे. ती गेल्यापासून ती जागा रिकामी आहे. ती तुला माझ्या मुलीनं भरायची आहे. भरणार नाही.

मोनिकाला काय होतं ते मी तुला दिवाळीच्या आधी सांगितलं होतं. पुन्हा लिहिते. गणपतीत ट्यूशनच्या जिन्यात ती पहिल्यांदा खाली बसली. हात बधिर, छातीत धडधड, श्वास पुरेना. तिला वाटलं, आपण आता मरणार. हृदय तपासलं, रक्त तपासलं, सगळं चांगलं निघालं. रामेश्वर म्हणाला, "दहावीचा अभ्यास नको म्हणून नाटक आहे." त्याला मी त्या दिवशी जे बोलले ते इथं लिहीत नाही. मग आम्ही डॉक्टरबाईंकडे गेलो. त्या म्हणाल्या, याला पॅनिक अटॅक म्हणतात. मुलगी खोटं बोलत नाही आणि वेडीही नाही. असं झालं की गर्दी होऊ देऊ नका. एकानंच जवळ बसा. तुम्ही सावकाश श्वास घ्या, ती तुमच्याबरोबर घेईल. थोड्या वेळात उतरतं.

हे मी तुला शब्दाला शब्द सांगितलं. तू म्हणालास, "व्हय व्हय. मामाच्या घरी येतीय ती. कोकरांत ऱ्हाईल, हवा बदलंल." मला ते पटलं. कोकरांत ती खरंच बरी असते. म्हणून दिवाळीला पाठवली.

पाडव्याला मी तिथं नव्हते. काही वहिनीनं सांगितलं, काही मोनिकानं पुढं तुकड्यातुकड्यांनी सांगितलं, उरलेलं गोकुळच्या मोबाइलमध्ये होतं.

मेंढरांचा वाडा पुजत होते. ढोल होते. भंडारा इतका उधळला होता की व्हिडिओत माणसं पिवळी दिसतात. पाहुणी भाची म्हणून मोनिकाला मानानं अगदी ढोलांच्या पुढ्यात उभी केलेली. तिथं तिला ते झालं. ती गुडघ्यांवर बसली. केस सुटले, अंग थरथरायला लागलं, तोंड उघडं. ते बघून तुला काय आठवलं ते मला माहीत आहे. तू ओरडलास, "मंजुळाबाईचं वारं आलं! आई आली!" आणि पोरीच्या पायांवर डोकं ठेवलंस.

त्या घटकेला तिला जवळ बसायला एक माणूस हवा होता. तू तिला अख्खं गाव दिलंस.

व्हिडिओत आवाज स्पष्ट आहेत. "सरका, देवाला हवा येऊ द्या," असं म्हणत लोक आणखी पुढं सरकतात. मग तुमचा मोसंबीवाला तात्यासाहेब येतो. टोपी काढतो, हात जोडतो. "माय, बाग ठिवू का तोडू? पाऊस पडंल का?" मोनिका त्याच्याकडे बघते. तिला बोलता येत नाही. तो पुन्हा विचारतो. ती मान हलवते.

मी तिला नंतर विचारलं, मान का हलवलीस? ती म्हणाली, "मला वाटलं, हो म्हटलं की ते जातील."

ते गेले नाहीत. मागं रांग लागली. कुणाची म्हैस, कुणाच्या पोराचं लग्न, कुणाचा बोअर. तिनं सगळ्यांना मान हलवली. शेवटी वहिनी घुसली. ढोलवाल्याच्या हातातली काठी तिनं ओढून घेतली. "बास करा रे. लेकरू हाय ते."

तू म्हणालास, "आवडे, तुला काय कळतं देवाचं?"

वहिनी म्हणाली, "देवाचं नाय कळत. पोरीनं मुतलंय, ते दिसतंय."

व्हिडिओ इथं संपतो.

हा व्हिडिओ गोकुळनं स्टेटसला ठेवला. वर लिहिलं, "आमच्या आत्याच्या पोरीच्या अंगात आजी," आणि पुढं जोडलेले हात. तो चेष्टा करत नव्हता. त्याला अभिमान वाटत होता. मला ते कळतं, आणि त्यामुळंच राग निवत नाही. दुष्टपणा असता तर पोलिसांत जाता आलं असतं. मानानं केलेल्या गोष्टीची तक्रार कुठं करायची?

शाळा उघडली तेव्हा व्हिडिओ तिच्याआधी वर्गात पोचला होता. ट्यूशनची पोरं जिन्यात हात जोडून उभी राहायची. "क्या माताजी, बोर्ड में क्या आनेवाला? जरा मुंडी हिला के बता दो ना." एका मुलीनं तिच्या बाकावर लिंबू ठेवलं. मोनिका लिंबू दप्तरात घालून घरी घेऊन आली. म्हणाली, सरबत कर. मी केलं. तिनं प्यायलं नाही. दुसऱ्या दिवसापासून ती ट्यूशनला गेली नाही.

तिकडं तुमचं काय चाललं होतं? नोव्हेंबरच्या शेवटी एक अवकाळी आला, त्यात गाराच जास्त. तुम्ही दोन दिवस तिच्या नावानं नारळ फोडलेत. मग काही नाही. पाऊस जून ते सप्टेंबर हुकला होता, तो दिवाळीत एका पोरीच्या मानेनं कुठून यायचा? पण तात्यासाहेबानं बाग ठेवली. टँकरनं जगवली. फेब्रुवारीत त्यानं हात टेकले आणि झाडं मुळासकट काढली. मग पारावर म्हणाला, "सोनाजीच्या भाचीनं बुडवलं."

तेव्हा तू काय बोललास ते मला पुंडलिकनं सांगितलं. तू म्हणालास, "देव खोटा नाय. पोरगी त्या वक्ताला बाजूला बसायची असंल. शिवाशिव झाली असंल."

तुला देव वाचवायचा होता. त्यासाठी तू भाची दिलीस.

आणि गोकुळनं, तुझ्या गुणी पोरानं, तिला मेसेज करून सरळ विचारलं. "मोने, तव्हा तू बाजूला होतीस का? पप्पा म्हणत होते." मी तो मेसेज वाचला आहे. त्याखाली तिनं लिहिलं आहे, "सॉरी दादा."

यापुढचं मी फोनवर कुणालाच सांगितलेलं नाही. वहिनीलाही नाही.

फेब्रुवारीत मोनिका अर्ध्या बादलीत आंघोळ करायला लागली. मला कौतुक वाटलं. पाण्याची तंगी, पोरगी समजूतदार झाली. मग तिनं केस धुणं सोडलं. रामेश्वरनं दाढी करताना नळ सुरू ठेवला तर ती धावत येऊन बंद करायची. सकाळी उठल्या उठल्या मोबाइलवर हवामान बघायची. मी एकदा मागून डोकावले. इथलं नव्हतं, तुमच्याकडचं, पाचोडचं होतं.

मग तिनं पाणी प्यायचं सोडलं. एकदम नाही. ताटाजवळचा पेला भरलेला तसाच राहायचा आणि जेवण झालं की ती तो परत पिंपात ओतायची. मार्चमध्ये, बोर्डाचा पेपर चालू असताना, ती बाकावरून खाली पडली. दवाखान्यात सलाईन लावली. तिथल्या डॉक्टरनं विचारलं, पाणी का पीत नाहीस? ती भिंतीकडे बघून म्हणाली, "ज्यांना मी हो म्हणाले त्यांच्याकडे नाही ना."

दादा, हे वाक्य पुन्हा वाच.

मराठवाड्यात पाऊस पडला नाही याची शिक्षा ती स्वतःला देत होती. पाताळापर्यंत बोअर नेणाऱ्यांनी स्वतःला शिक्षा केली नाही. समोरच्या बिल्डरनं केली नाही. तात्यासाहेबानं केली नाही, त्यानं कर्ज काढून गेल्या महिन्यात प्लॉटिंग सुरू केलं, त्याचा बोर्ड मी रस्त्यावर पाहिला. शिक्षा एका दहावीतल्या मुलीनं भोगली, कारण तिनं मान हलवली होती. तिचे दोन पेपर राहिले. जुलैत देईल. नाही दिले तरी चालेल.

शुक्रवार, ३ मे

काल इथं थांबले. अक्षर बिघडायला लागलं होतं, आणि मोनिका स्वयंपाकघरात आली.

"कुणाला लिहितेस?"

"मामाला."

"काय?"

"शिव्या."

ती ओट्याला टेकून उभी राहिली. म्हणाली, "मग माझ्याकडून पण दोन घाल. आणि विचार, भुरीला कोकरू झालं का."

तिच्या वाटच्या शिव्या वर आल्या आहेत. भुरीचं आता विचारते. झालं का?

तू पारावर सांगतोस की बहीण पोरीला वेड्याच्या डॉक्टरकडे नेते. नेते. डॉक्टरबाई आधी तिच्याशी बोलतात, मग आमच्याशी. एक गोळी आहे, ती सकाळी घेते; तू रक्तदाबाची घेतोस तशी. तुझी गोळी काढून घेऊन मी कधी अंगारा लावला नाही.

डॉक्टरबाईंनी दिलेला अभ्यास तिच्यापेक्षा आम्हालाच जास्त आहे. "काही होत नाही" म्हणायचं नाही, कारण तिला होत असतं. समजूत घालायची नाही, आधी ऐकायचं. मी पंचवीस वर्षं मुलांना समजावून सांगत आले, मला हे फार जड जातं. तोंड उघडतं आणि मी ते मिटते. एकदा तिनं विचारलं, "पाऊस माझ्यामुळं थांबला नाही हे तुला नक्की माहीत आहे का?" मी भूगोल सांगायला लागणार होते. रामेश्वर आतून म्हणाला, "तुला काय वाटतं, बेटा?" मग ती तासभर बोलली. मी नाटक म्हणणाऱ्या नवऱ्यावर गणपतीपासून चिडून होते. त्या संध्याकाळी त्याला चहा करून दिला.

जेवताना आम्ही तीन पेले भरतो आणि तिघं एकदम उचलतो. पहिल्या दिवसांत तिच्या घशाखाली उतरायचं नाही. आम्हीही प्यायचो नाही. तिघं पेले धरून बसायचो, भाजी गार व्हायची. मग कधीतरी ती एक घोट घ्यायची, की आम्ही एक घोट. बाहेरून कुणी पाहिलं असतं तर म्हणालं असतं, या घरात सगळ्यांच्याच अंगात आलं आहे.

तिच्याबरोबर श्वास घ्यायला रामेश्वर शिकला. एकदा पाळीवरून आला आणि कपडे न बदलता तिच्याजवळ बसला. डोळे मिटले. श्वास आत, श्वास बाहेर. आणि घोरायला लागला. मोनिका हसली. दिवाळीनंतर ती पहिल्यांदा हसली, दादा. तो दचकून जागा झाला आणि म्हणाला, "बघ, गुण येतो की नाही?"

आता जे लिहायचं मी कालपासून टाळते आहे ते.

मार्चनंतर डॉक्टरबाईंनी विचारलं, घरात पूर्वी कुणाला असं व्हायचं का? मी म्हटलं, माझ्या आईला. डॉक्टरबाई म्हणाल्या, मग आई काय करायच्या? म्हटलं, लोक तिला पाऊस विचारायचे. डॉक्टरबाई लिहायच्या थांबल्या. मग म्हणाल्या, "त्यांचं पुढं काय झालं?"

मी म्हटलं, पाणी शेंदताना पाय घसरला, विहिरीत पडली. आपल्या घरात सांगतात तसंच सांगितलं. तू येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतोस तसंच.

परत येताना रिक्षात मला ती विहीर दिसायला लागली.

सत्त्याऐंशी साल. मी आठ वर्षांची, तू सोळाचा. आदल्या अखितीला आईनं ठाण्यावरून सांगितलं होतं, पाऊस लागंल, पेरा. गावानं पेरलं, ते जळालं. पुन्हा पेरलं, तेही जळालं. त्या वर्षी बायका तिला बघून वाट बदलायच्या. ज्यांनी तिच्या पायावर डोकं ठेवलं होतं त्याच. ती घराबाहेर पडेनाशी झाली. त्याआधीही, दर वेळी ठाण्यावरून आली की ती चुलीमागं अंधारात बसायची. दात वाजत असायचे. बाहेर लोक नारळ ठेवत असायचे. मी तांब्या घेऊन जायचे. ती म्हणायची, "अंबे, मला लई भ्या वाटतं गं." मला वाटायचं, देवाचं भ्या वाटत असेल. मी लहान होते.

पुढची अखिती चार दिवसांवर आली होती. तिला पुन्हा बसवणार होते. ती त्या दुपारी गेली.

विहीर कोरडी होती, दादा. होळीपासून तिच्यात चिखलसुद्धा नव्हता. पाणी आपण नदीतल्या झऱ्यावरून आणायचो, तू कावडीनं, मी कळशीनं. विहिरीचा दोर आणि पोहरा घरात खुंटीला टांगलेला होता. कोरड्या विहिरीवर कुणी पाणी शेंदायला जात नाही. हे गावाला माहीत होतं. तुला सगळ्यांहून जास्त माहीत होतं. तिला वर आणायला दोर बांधून तुलाच खाली सोडलं होतं.

ती वर आल्यावर कुणीतरी म्हणालं, देवानं आपलं माणूस परत नेलं. तिच्यावर भंडारा उधळला. तू काठावर बसला होतास, पिवळा. तू ते वाक्य धरलंस. सोळा वर्षांच्या पोराला धरायला दुसरं काय होतं? त्या दिवसानंतर तुलाही कुणी विचारलं नसणार, सोनाजी, तू कसा आहेस.

म्हणून मला कळतं, तू मोनिकाच्या पायांवर का पडलास. तिच्या अंगात आई आली असेल तर आई देवाची होती, देवानं नेली, कुणाचं काही चुकलं नाही. पण मोनिकाला आजार असेल तर आईलाही आजार होता. ती घाबरलेली होती, आणि गाव तिला पाऊस विचारत होतं. हे तुला सोसत नाही. म्हणून मोनिकानं ठाण्यावर बसायचं.

नाही. तुझं ओझं माझ्या मुलीच्या डोक्यावर ठेवता येणार नाही. ते तुझं आहे, तू उचल. जड झालं तर माझ्याकडे आण, त्यातलं अर्धं माझंही आहे. पण तिच्याकडे आणायचं नाही.

माझा राग सत्त्याऐंशी सालावर नाही. तेव्हा कुणाला काही ठाऊक नव्हतं. माझा राग गेल्या दिवाळीवर आहे. मी तुला सांगितलं होतं. मराठीत सांगितलं होतं. तू ऐकून घेतलंस, व्हय व्हय म्हणालास आणि ढोल लावलेस.

आता नीट वाच.

पुढच्या शुक्रवारी अखिती आहे. गोकुळची पिकअप आली तर वॉचमन फाटक उघडणार नाही, त्याला सांगून ठेवलं आहे. तात्यासाहेब आला तर मी खाली उतरून त्याला भेटेन. मी जे बोलेन ते त्यानं स्पीकरवर टाकलं तरी चालेल.

तू एकटा येणार असशील तर ये. अखितीलाच ये, एसटीनं. त्या दिवशी तू ठाण्यावर दिसला नाहीस तर गाव विचारील. तेव्हा सांग, भाचीला बरं नाही, तिच्याकडे चाललो आहे. पारावर सांग, मोठ्यानं. तिच्यामुळं कुणाचं काही बुडालं नाही, हेही सांग. आईचं सांगायला तुला वेळ लागेल. तो घे.

भंडारा आणू नकोस. नारळ आणू नकोस. तिच्या पाया पडू नकोस. दारात ती तुला पाणी आणून देईल, पाहुण्याला देतात तसं. ते सगळं पी, तिच्यासमोर. मग तिला विचार, कशी आहेस. पाऊस नाही, पेपर नाही, निकाल नाही. कशी आहेस, एवढंच. तिला सांगायला वेळ लागतो. मधे बोलू नकोस. भुरीचं मात्र आल्या आल्या सांग, ती वाट बघते आहे.

गोकुळला म्हणावं, व्हिडिओ अजून गावच्या ग्रुपांवर फिरतो आहे. ज्यांनी ज्यांनी ठेवला आहे त्यांच्या दारात जाऊन त्यानं तो काढायला लावायचा. आणि मोनिकाच्या त्या "सॉरी"ला त्यानं अजून उत्तर दिलेलं नाही.

वहिनीला माझा नमस्कार सांग. सांगू नकोस, तिच्या पायांशी बसून वाचून दाखव.

वरची जागा अजून मोकळीच आहे. तुझा नमस्कार मी माझ्याजवळ ठेवला आहे. तो पोस्टानं येणार नाही, पुंडलिकच्या हातीही येणार नाही. एकट्यानं ये आणि घेऊन जा.

अंबी